टेम्पोतून घाट चढलेला नारळ

रोह्याहून शिर्डीला पायी जाणाऱ्या आमच्या मंडळात माझं एक नाव होतं. कुणाला चालणं जमत नसेल, पण नवस मात्र पायीच पोचवायचा असेल, तर ती माणसं आपला नारळ माझ्याकडे द्यायची. ‘त्याच्याकडं दे, तो खाली ठेवत नाय,’ असं माझ्यामागे म्हणायची, तेही मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी ऐकलंच नाही असा चेहरा करून बुटाची नाडी बांधत बसायचो. नऊ वर्षं मी ते नाव मिरवलं, आणि ते कशाच्या जोरावर मिळालं होतं हे मंडळात एकालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्याचा नारळ नेण्याची आमच्याकडची रीत साधी आहे. ज्याचा नवस आहे त्याने नारळ कापडात बांधून द्यायचा, आणि चालणाऱ्याने तो खांद्याला अडकवून शिर्डीपर्यंत न्यायचा. मध्ये तो जमिनीला टेकता कामा नये आणि गाडीत चढता कामा नये. झोपायच्या वेळी झाडाच्या फांदीला नाहीतर खिळ्याला टांगायचा. चूक झालीच तर तिलाही तोड होती. जिथे चुकलं तिथे माघारी जायचं आणि तिथून पुन्हा चालत यायचं. नागोठण्याकडचे एक म्हातारे शेतकरी आमच्यात होते. त्यांनी एकदा चहाच्या टपरीवर नारळ बाकड्यावर ठेवला, आणि दोन तास चालल्यावर त्यांना ते आठवलं. म्हातारा मुकाट्याने मागे फिरला, बाकड्यापासून पुन्हा चालला आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर मुक्कामी पोचला. कुणी हसलं नाही. त्यांच्यासाठी भात झाकून ठेवलेला होता.

हे सगळं मला पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं गेलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

मी मूळचा धरमतरच्या खाडीकाठचा. धाटावच्या केमिकल कंपनीत कायम झालो आणि रोह्यात खोली घेऊन राहू लागलो. आमच्या डिपार्टमेंटमधले सातआठ जण दरवर्षी भाताची झोडणी आटपली, थंडी पडली की मंडळाच्या पालखीबरोबर शिर्डीला चालत जायचे. त्या वर्षी मीही शिफ्ट बदलून घेतल्या, उरलेल्या रजा टाकल्या आणि निघालो. भक्ती वगैरे फारशी नव्हती. दहा दिवस कंपनीचा वास नाकात जाणार नाही, एवढं कारण मला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालखी पेणला रामवाडीत मुक्कामाला थांबली. मी पाय गरम पाण्यात घालून बसलो होतो, तेवढ्यात आमच्या गावची काकी समोर येऊन उभी राहिली. काकी म्हणजे आमची शेजारीण. नवरा लवकर गेलेला, आणि तिने मिठागरात राबून एकुलता मुलगा वाढवलेला. तो आणि मी एका वर्गात होतो. पुढे तो धरमतरला बार्जवर कामाला लागला. कामाला लागायचा, सोडायचा, पुन्हा लागायचा. तिसऱ्यांदा काम सोडून तो पिऊन घरी आला, तेव्हा काकीने भर अंगणात त्याला सुनावलं, ‘पुन्ना मना तोंड दाखवू नको.’ आमच्या खाडीकाठच्या बायका रागावल्या की हे वाक्य दिवसातून दोनदा बोलतात आणि जेवायच्या वेळी त्याच पोराला हाक मारतात. पण त्याने ते मनाला लावून घेतलं. कपड्यांची पिशवी घेऊन तो गेला तो गेलाच. दोन वर्षं झाली होती. कुणी म्हणे भिवंडीत दिसला, कुणी म्हणे सुरतेला आहे.

काकी सहाआसनी रिक्षाने रामवाडीपर्यंत आली होती. तिच्या हातात हिरव्या खणात बांधलेला नारळ होता.

“नेशील क रे?” तिने विचारलं. “मीच चालले असते. पन माजे पाय बग.”

तिने लुगडं घोट्यापर्यंत वर केलं. मिठागरात अनवाणी राबून तळव्यांना इतक्या भेगा पडल्या होत्या की बोट आत जाईल. रामवाडीच्या नाक्यापासून आमच्या मुक्कामापर्यंत ती टाचा वर धरून आली असणार.

“काय सांगायचं बाबाला?” मी विचारलं.

“सांग, ती रागात बोलली. मनात तसा नाय व्हता. त्याला एकदा घरी धाड, मंग ऱ्हावो नाय तर जावो.”

मी नारळ घेतला. माझ्या पायांना बादलीतलं पाणी लागलेलं होतं, म्हणून आधी ते पुसायला तिने मला लावले. एवढी ती नेमाची होती.

तिसऱ्या दिवशी खोपोली. चौथ्या दिवशी सकाळी घाट. घाटाच्या पायथ्याशी आमच्यातल्या एकाने पिशवीतून मेव्हण्याचा व्हिडिओ कॅमेरा काढला. त्या काळी अशा कॅमेऱ्याचं अप्रूप होतं. पालखी घाट चढताना शूटिंग करायचं ठरलं आणि पालखीला खांदा द्यायला एकदम गर्दी झाली. एरवी आपली पाळी आली की लघवीला जाणारी माणसंसुद्धा पुढे सरसावली. त्यांत मीही होतो. पुढचा उजवा खांदा मला मिळाला. पण त्याच खांद्यावर काकीच्या नारळाची झोळी होती, आणि दांडा नीट बसेना. डाव्या खांद्यावर घेतली तर ती पुढे लोंबायची आणि पालखीवर आपटायची. कॅमेरावाला ओरडत होता, लवकर करा, ऊन चेहऱ्यावर आहे तोवर घेऊ.

आमचा सामानाचा टेम्पो बाजूलाच उभा होता. मी झोळी त्याच्या मागच्या हुकाला अडकवली. म्हटलं, पाच मिनिटं. शूटिंग झालं की काढून घेऊ.

पहिल्या वळणावर शूटिंग संपलं. खांदा सोडून मी मागे पाहिलं तर टेम्पो कधीच पुढे निघून गेला होता. लोणावळ्याला जाऊन त्यांना स्वयंपाक लावायचा होता. मी मोकळ्या खांद्याने घाट चढलो आणि काकीचा नारळ कांद्यांच्या गोणी आणि दुधाच्या कॅनच्या संगतीत झोके घेत वर गेला.

लोणावळ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. झोळी हुकालाच होती. स्वयंपाकी कांदा कापत होता, त्याने वरसुद्धा पाहिलं नाही. मी झोळी काढून खांद्याला लावली आणि तिथेच उभा राहिलो. काय करायला हवं ते मला स्वच्छ माहीत होतं. एसटीने खाली जायचं आणि पुन्हा घाट चढायचा. फार तर उद्याचा मुक्काम गाठायला उशीर झाला असता. नागोठण्याचे म्हातारे माघारी गेले होते, मी तर सत्तावीस वर्षांचा होतो. पण पोटऱ्या भरून आल्या होत्या, टाचेवर फोड होता आणि समोर गरम पिठलं होतं. माघारी जायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं, आणि शूटिंगसाठी नारळ टेम्पोत टाकला हे सांगायची मला लाज वाटत होती. मी मनाशी म्हटलं, नारळाला काय कळतं. मग पिठलं-भात दोनदा घेऊन जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मी त्या नारळाची अशी काही बडदास्त ठेवली की बघणाऱ्याने बघत राहावं. चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, कुठेही झोळी खांद्यावरून उतरली नाही. तिला टांगायच्या आधी मी फांदी हलवून बघायचो, पक्की आहे ना म्हणून. आंघोळीला जाताना दुसऱ्याच्या हातात द्यायचो आणि ‘खाली ठेवू नको हां’ असं चार माणसांत बजावायचो. लोकांनी ते पाहिलं. माझं नाव झालं ते इथून.

दहाव्या दिवशी सकाळी शिर्डी आली. वेशीच्या अलीकडे एका शेतात सगळे थांबले. आमच्यात अशी पद्धत आहे की गावात शिरण्याआधी चालणारे सगळे एकमेकांच्या पाया पडतात. वय नाही, जात नाही, कंपनीतला हुद्दा नाही. ज्या सुपरवायझरने मला तीन महिन्यांपूर्वी मेमो दिला होता तो माझ्या पायांशी वाकला आणि म्हणाला, “चुकलंमाकलं विसर रे बाबा.” मीही वाकलो. रडत नव्हता असा कुणी नव्हता. मीही रडलो, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हेच मला आजही समजत नाही.

मग पेणहून मागवलेल्या बेंजोवाल्यांनी सुरुवात केली. गुलाल उधळला. फोड आलेल्या पायांनी माणसं जी नाचली, ती दहा दिवस चालून आलीत हे सांगून खरं वाटलं नसतं. नागोठण्याचे म्हातारे एका पायावर गिरक्या घेत होते. आमचा म्होरक्या कंपनीत फिटर होता. त्याने हात वर करून बेंजो थांबवला आणि मला पुढे बोलावलं. म्हणाला, “यंदा मंडळात दुसऱ्याचा नारळ एकच आलाय. एका आईचा हाय. आन ह्या पोरानं तो कसा आणला ते आपण समद्यांनी बघितलंय. हात लावा रे त्याला.”

पन्नास-साठ माणसं ओळीने आली. एकेकाने काकीच्या नारळाला हात लावला, कपाळाला टेकवला. आया होत्या, बाप होते. एक बाई नुसती ‘येऊ दे गो तिचा पोर’ म्हणाली आणि पुढे गेली. मग दोघांनी मला खांद्यावर घेतलं, नारळ माझ्या डोक्यावर, आणि बेंजो पुन्हा सुरू झाला. मी वरून सगळ्यांकडे बघत होतो. खरं सांगायचं तर मी आनंदात होतो. घाट मला आठवला, नाही असं नाही. पण इतक्या माणसांचे हात लागल्यावर काय असेल ते धुऊन गेलं असेल, असा हिशेब मी वरच्या वर केला. दर्शन झालं, नारळ वाढवला. मग पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि बुंदी अशी पंगत बसली. एकमेकांना घास भरवता भरवता बुंदी संपली, ती पुन्हा पाडावी लागली. तसं जेवण मी आयुष्यात पुन्हा जेवलो नाही.

परतीला बस होती. दहा दिवसांचा रस्ता दुपारपर्यंत मागे पडला. मी थेट गावी गेलो, खोबऱ्याची वाटी आणि अंगारा काकीला दिला. तिने अंगणात पाट मांडून मला बसवलं आणि माझे पाय धुतले. मी नको नको म्हणालो, पण पाय काही मागे घेतले नाहीत. टाचेवरच्या फोडाभोवती तिने हळद लावली आणि मग विचारलं, “गाडीला लागला नाय ना रे कुटं?”

“नाय काकी,” मी म्हणालो.

एवढे दोनच शब्द. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढलं, आणि मी जेवलो.

पोर आला नाही. होळी गेली, गणपती गेले. काकी प्रत्येक एसटीच्या वेळेला बांधावर येऊन उभी राहायची. वर्ष उलटल्यावर ती यायची थांबली. पुढच्या खेपेला मी तिला आपण होऊन विचारलं, “काकी, यंदा नारळ देतेस?” मनात असं होतं की या वेळी नीट नेऊ, म्हणजे फिटंफाट. ती नाही म्हणाली.

नंतर माझ्या आईने मला एक गोष्ट सांगितली. काकीने मासळी सोडली होती. खाडीकाठच्या माणसाने मासळी सोडणं काय असतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे भाताबरोबर दुसरं काही असतंच कुठे? काकी तर स्वतः खाडीत उतरून कोळंबी पकडणारी, जिताड्याचं कालवण करावं तर तिनेच असं सगळा गाव म्हणायचा. आई म्हणाली, “मी तिला बोलले, कशाला जिवाला जाळतेस गो. तर म्हनते, नारळ तर तुज्या पोरानं चोख नेला, पायी नेला, साठ मानसांचा हात लागला त्याला. म्हंजे नवसात खोट नव्हती. खोट माज्यात हाय. ज्या तोंडानं पोराला हाकलला त्या तोंडाला सजा नको?”

आईला हे सांगताना माझा अभिमान वाटत होता. मी ताटावरून उठलो, पोट बिघडलंय म्हणालो.

त्याच दिवशी मी पलीकडच्या अंगणात जायला हवं होतं. वीस पावलं नव्हती. मी गेलो नाही. पुढे गावी जाणंच कमी केलं, गेलो तरी मागच्या वाटेने घरात शिरायचो. कधी रस्त्यात गाठ पडली की काकी माझ्या गालावरून हात फिरवायची आणि विचारायची, “यंदा पन गेलास ना चालत?” मी मान हलवायचो. दरवर्षी जात होतो, दोन-दोन, तीन-तीन नारळ खांद्यावर घेऊन. ते सगळे मी अगदी नेमाने पोचवले. त्यांतल्या एका बाईला मूल झालं, एकाची कोर्टातली जमीन सुटली. लोक पेढे घेऊन माझ्याकडे यायचे आणि मी ते तसेच कंपनीत वाटून टाकायचो.

नऊ वर्षांनी एकदाचा मी गेलो. काही विशेष घडलं होतं म्हणून नाही. आई सहज म्हणाली होती की काकीला हल्ली दिसत नाही, चाचपडत चालते, आणि एकदम मला भीती वाटली की खोट आपल्यातच होती असं मानूनच ही जायची.

काकी पडवीत बसून कोळंबी सोलत होती. स्वतः खात नव्हती, पण शेजाऱ्यांची सोलून द्यायची. डोळ्यांनी दिसत नसलं तरी बोटं अचूक चालत होती. मी पायरीवर बसलो आणि कसलीही प्रस्तावना न करता बोललो, कारण प्रस्तावना केली असती तर उठून पळालो असतो.

“काकी, तुझा नारळ मी टेम्पोत ठेवला होता. खोपोलीच्या घाटात.”

तिची बोटं थांबली. “किती येळ?”

“पुरा घाट.”

“इसरून?”

हो म्हणता आलं असतं. “नाय. शूटिंग चालू होतं. त्यात दिसायचं होतं मला.”

“मंग?”

“माघारी जाऊन पुन्हा चढायला पायजे होतं. नाय गेलो.”

तिने पुढची कोळंबी घेतली, सोलली, वाडग्यात टाकली. मी पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं. चूक माझी आहे, तुझी काही नाही, बाबाने तुझं ऐकलं नाही ते माझ्यामुळे. आजपासून तू मासळी खा. यंदा मी तुझा नारळ पुन्हा नेतो, अनवाणी नेतो. मी बराच वेळ बोलत राहिलो. तिने मला थांबवलं नाही.

मी गप्प झाल्यावर ती म्हणाली, “माजी चूक व्हती तवर बरा व्हता रे.”

मला कळलं नाही.

“माजी चूक व्हती तर ती मना फेडता येत व्हती,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आज नाय तर उद्या फिटंल, मंग तो येल, असा म्हनून मी येक-येक दिस काडला. आता तुजी चूक मी कशी फेडू?”

“मी फेडतो ना, काकी.”

“तू फेडशील ती तुज्या पदरात पडंल.” तिने वाडगा बाजूला सरकवला आणि हात पदराला पुसले. “जा आता. भरतीचा पानी चडतंय, बांधावरचा रस्ता भरल.”

मी उठलो. तिने मला शिवी दिली असती, निदान पुन्हा तोंड दाखवू नको असं म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. ती भिंतीला धरून आत गेली. कोळंबीचा वाडगा तसाच पडवीत राहिला, शेजारीण संध्याकाळी येऊन घेऊन गेली असेल.

त्यानंतर काकी तीन वर्षं होती. मासळी तिने पुन्हा खाल्ली नाही. आई आग्रह करायची तेव्हा काकी म्हणायची, आता सोडायची गरज नाय, पन चवच गेली. मुलगा आला नाही. तो आहे की नाही, हेही आम्हाला कळलं नाही. मी नारळ घेणं बंद केलं, गुडघे दुखतात असं मंडळाला सांगितलं.

पण त्या दिवसाचं एक मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. काकीकडून निघालो आणि बांधावर आलो, तेव्हा मला फार हलकं वाटत होतं. नऊ वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. वारा सुटला होता, पाणी बांधाला लागत होतं, आणि निम्म्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मी शीळ घालत चाललो आहे. टेम्पोतल्या नारळाची मला लाज वाटते, पण त्या शिळेची त्याहून जास्त वाटते.